गच्चीवरचा नोव्हेंबर

आमच्या अंगात पावसाचं जे घड्याळ होतं ते मिरगावर लावलेलं होतं. मे सरत आला की कौलं परतायची, ओटीच्या पश्चिम अंगाला झापं बांधायची, लाकडं माचावर रचायची आणि मग आभाळाकडे बघायला लागायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कोकणातली, मराठवाड्यातली, मुंबईच्या चाळींतली आम्ही माणसं जेद्दाला उतरलो ती हे घड्याळ घेऊनच उतरलो, आणि तिथे ते सहा महिन्यांनी चुकत होतं. जूनमध्ये जेद्दात अंग भाजून निघे. पाऊस यायचा तो नोव्हेंबरात, डिसेंबरात, जानेवारीत. अरबी पंचांगात १६ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर या ५२ दिवसांना वस्म म्हणतात. या दिवसांत पाऊस पडला तर वाळवंटाच्या भुईतून फगा नावाची अळंबी निघते, म्हणून तिथले लोक वस्माची वाट बघतात. आम्हीही बघायचो, पण जीव मुठीत धरून, छताकडे नजर ठेवून.

नुसते आकडे पाहिले तर भिण्यासारखं काहीच नव्हतं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जेद्दात सरासरी जेमतेम ५०-६०. पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत वाटून पडतो, आणि त्याच्यासाठी छप्पर उतरतं, अंगण उतरतं, सबंध गाव समुद्राकडे उतरतं. जेद्दाचा वर्षाचा पाऊस एका दुपारीत पडू शकतो, आणि त्याला जायला वाट नसते. आमच्या इमारती उन्हासाठी बांधलेल्या. सपाट स्लॅब, कमरेएवढा कठडा, कोपऱ्यात पाणी जायला एक भोक. त्या भोकात वर्षभराची वाळू, कबुतरांची पिसं आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. पहिल्या जोरदार सरीबरोबर गच्चीचा हौद होई आणि स्लॅब ते पाणी सावकाश खाली सोडू लागे.

आता तशा गच्च्या नव्या वस्त्यांत दिसत नाहीत. स्लॅबवर डांबरी थराचे पट्टे आगीच्या झोताने चिकटवलेले असतात, कठड्याच्या मुळाशी गोल वाटा घातलेला असतो, वर उष्णता अडवणारा थर आणि त्यावर फरशी असते, आणि काम करणारी कंपनी दहा वर्षांची लेखी हमी देते. पाऊस येण्याआधी मोबाइल किंचाळतो. राष्ट्रीय हवामान केंद्राचा इशारा पिवळा आहे, नारिंगी आहे की लाल, ते बघून शाळा आदल्या रात्रीच ऑनलाइन जाते. आम्हाला इशारा द्यायला फक्त ढग होते. समुद्राकडून नाही, पूर्वेच्या डोंगरांकडून काळं आलं की समजायचं आणि धावायचं.

त्या धावपळीच्याही आधी एक दिवस असायचा. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, पण नोव्हेंबरच्या तोंडावरचा एक शुक्रवार सगळ्या इमारतीने त्याच्यासाठी राखलेला होता. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली की पुरुष आणि पोरं गच्चीवर जायची. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, यमनी होता, त्याला आम्ही लहानथोर सगळेच अम्म, म्हणजे काका, म्हणायचो. तो लोखंडी दाराचं कुलूप काढायचा आणि झाडू वाटायचा. वाळू पत्र्याने खरवडायची, पोत्यात भरायची. कोपऱ्यातल्या भोकात वाकडी केलेली सळी घालून आतला गाळ काढायचा, मग टाकीतलं बादलीभर पाणी ओतून ते खाली रस्त्यावर पडतं का ते बघायचं. खाली उभं राहून 'आलं!' म्हणून ओरडायचं काम पोरांचं. टाकीचा बॉलकॉक हलवून बघायचा, कारण पाऊस नसतानाही भरून वाहणारी टाकी वर्षभर तीच जागा मुरवत असते. ॲन्टेनाच्या, आणि नव्वदनंतर डिशच्या, प्रत्येक खांबासाठी कुणीतरी स्लॅबमध्ये खिळे मारून ठेवलेले असत. त्या प्रत्येक खिळ्याभोवती डांबर भरायचं.

दापोलीचा आणि बीडचा वाद या शुक्रवारी ठरलेला. दापोलीकर म्हणायचा की सपाट छप्पर ही मुळात चूक, पाणी छपरावर थांबूच द्यायचं नाही. बीडकर म्हणायचा, आमचं माळवद सपाटच असतं, शंभर वर्षं उभं राहतं. पाणी थांबलं तर चूक छपराची नाही, वर न चढणाऱ्या माणसाची. त्याच्याकडे दरसाल उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकतात, तुडवतात, पन्हाळं मोकळी करतात. जेद्दाच्या गच्चीला हीच रीत लागू होती, म्हणून कोकणातल्या आम्हा सगळ्यांना त्या एका दिवशी मराठवाड्याचं ऐकावं लागायचं. आम्हाला उतार बांधता येत होता, त्याला सपाटीची राखण येत होती.

घरात बायकांचं काम याहून किचकट. खिडकीतले एसी म्हणजे भिंतीला पाडलेली भगदाडं. एसी आणि चौकट यांच्यातल्या फटीत स्पंज कोंबायचा, बाहेरून पुठ्ठा आणि खाकी चिकटपट्टी लावायची. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या खाचेत वाळू साठलेली असे, ती जुन्या दातघासणीने काढायची, नाहीतर खाचेतलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. छतातला दिवा जिथे असेल तिथे खुर्ची ठेवायची नाही, कारण वायरीच्या नळ्या स्लॅबमधूनच जातात आणि मुरलेलं पाणी वाट शोधत पहिल्यांदा दिव्यातूनच ठिपकतं. ठिपकायला लागलं की मेन स्विच बंद. हे शेजारच्या वहिनींनी नव्याने आलेल्या प्रत्येक संसाराला सांगितलेलं आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं तळटाकीचं झाकण. जेद्दात घराचं पाणी तळमजल्यावर, जमिनीखालच्या टाकीत साठवतात आणि पंपाने वर चढवतात. रस्त्यावर पाणी चढलं की तिथल्या मैलाखड्ड्यांचं पाणी त्यात मिसळतं, आणि झाकण नीट बसलेलं नसेल तर ते सरळ पिण्याधुण्याच्या पाण्यात जातं. छत गळलं तर चादर भिजते. झाकण गळलं तर सगळी इमारत आजारी पडते. म्हणून झाकणाभोवती सिमेंटचा ओठ करायचा, त्यावर रबर, त्यावर दगड. अम्म हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

आता यातलं काहीही करावं लागत नाही. एसी स्प्लिट आहे, भिंतीला बोटभर भोक. खिडकीची काच दुहेरी, भोवती सिलिकॉन. तक्रार असली तर मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. देखभाल कंपनीचा माणूस गणवेशात येतो, बुटांवर प्लास्टिक चढवतो, काम करून सही घेतो. भाडेकरार 'इजार' या सरकारी यंत्रणेत नोंदलेला असतो, दुरुस्ती कुणाची हे लिहिलेलं असतं. आमच्या वेळी भिंतीचे पोपडे घरमालकाला दाखवले की तो वर बोट करून 'अल्लाहकडून' म्हणायचा आणि रंगाचा डबा पाठवायचा. ओल आत, रंग वर. पुढच्या नोव्हेंबरात पोपडे पुन्हा खाली. आजची पद्धत चांगली आहे, निर्विवाद चांगली आहे. पण आज त्या इमारतींत राहणाऱ्या कुणालाही विचारा, गच्चीची किल्ली कुठे असते. त्यांना ते माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही उरलेली नाही.

पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस तर पार नाहीसा झाला. तेव्हा घराघरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकेट असायचं, तो जाड गालिचा. भिजलेल्या मोकेटचा आंबूस वास दोन दिवसांत घर ताब्यात घेतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. म्हणून ऊन पडलं रे पडलं की सगळ्या बिऱ्हाडांची मोकेटं गच्चीवर. पिळून निघत नाहीत इतकी जड, चार जणांनी जिन्यातून ओढत न्यायची, कठड्यावर टाकायची. कोणाचं हिरवं, कोणाचं तपकिरी, कोणाच्या मोकेटवर पोराने सांडलेल्या शाईचा डाग. वर्षभर दारं लावून राहणाऱ्या पाकिस्तानी, मिसरी, फिलिपिनो शेजाऱ्यांची घरं त्या दिवशी कठड्यावर वाळत पडलेली दिसायची. कोणी चहा आणायचं, कोणी खजूर. मिसरी बाई आणि आमच्या वहिनी यांना एकमेकींच्या भाषेतले दहा शब्दही येत नव्हते. मोकेट उलटं टाकायचं की सुलटं यावर त्या तासभर बोलल्या. आता खाली पोर्सिलेनची फरशी आहे. पाणी आलंच तर वायपरने निघतं. वाळवायला काही उरत नाही.

आम्ही ज्याला जुनं म्हणतो ते त्या देशाचं जुनं नव्हतंच, हे मात्र आम्हाला उशिरा कळलं. आमच्या गळक्या इमारती तेलाच्या पैशाबरोबर सत्तरच्या दशकात घाईघाईने उठलेल्या. त्यांच्याआधी त्या भूमीला पावसाची उत्तम जाण होती. जेद्दाच्या अल-बलदमध्ये प्रवाळी दगडाची घरं आहेत, थरांमध्ये लाकडी पट्ट्या घातलेली. रियाधजवळच्या दिरियातलं अत-तुरैफ सगळं मातीच्या विटांचं. छताला झाऊच्या लाकडाचे वासे, वर खजुराच्या झावळ्या, वर माती, म्हणजे बीडकराचं माळवदच. त्या मातीच्या भिंतींवर पाणी ओघळू नये म्हणून छतातून लांब लाकडी पन्हाळं बाहेर काढलेली असत, पाणी भिंतीपासून दूर फेकायला. दक्षिणेला असीरमध्ये पाऊस जास्त, तर तिथल्या मातीच्या भिंतींत पातळ दगडांच्या ओळीच्या ओळी बाहेर काढून बसवत. थेंब दगडावर आपटून खाली पडतो, मातीला लागत नाही. काबागृहाच्या छतालाही पन्हाळ आहे, मीझाब. मक्का खोऱ्यातच वसलेली. १९४१ च्या पुरात हरमच्या, म्हणजे काबेभोवतीच्या मशिदीच्या, आवारात इतकं पाणी चढलं होतं की लोकांनी पोहत तवाफ, म्हणजे काबेची प्रदक्षिणा, केला, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे.

अम्म या सगळ्यातला होता. यमनमधल्या त्याच्या गावी पावसाआधी घराला मातीचा नवा हात द्यायचे, आणि आमच्या सिमेंटच्या गच्चीला तो मनापासून हलकी समजायचा. आम्ही जो शुक्रवार आज आठवून हळहळतो, तो त्याच्यासाठी त्याच्या गावच्या एका मोठ्या सणाची उरलीसुरली चिमूट होता. १९९० मध्ये आखाताचा पेच आला, यमनी लोकांच्या सवलती गेल्या आणि लाखो यमनी माणसं महिना-दोन महिन्यांत सौदी सोडून गेली. त्यांत तोही गेला. त्याच्यामागून आलेला हारिस बांगलादेशी, मोठा सज्जन. पण झाकणाची ती सिमेंटची रीत आम्हाला त्याला शिकवावी लागली. कोकणाने शिकवायची, तीही यमनची विद्या. यमन गेलं तेव्हा आम्हाला काय गेलं ते कळलं नव्हतं.

इथवर आठवणी गोड आहेत. त्या गोड राहू शकल्या, कारण आम्ही वरच्या मजल्यांवर राहत होतो.

२५ नोव्हेंबर २००९. हजचे दिवस, जिल्हजची आठवी तारीख, हाजी मिनाकडे निघालेले. जेद्दावर चार तासांत ९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त, एका सकाळीत. पूर्वेकडच्या डोंगरातून उतरणाऱ्या कोरड्या ओढ्यांना तिथे वादी म्हणतात. वादी कौसच्या पात्रातच कुवैझा ही वस्ती वाढलेली होती. वादीला आपली वाट आठवली. गाड्या एकमेकींवर रचल्या गेल्या, घरांच्या तळमजल्यांत माणसं अडकली. मृतांचा आकडा १२० च्या वर गेला. शहराच्या मोठ्या भागाला पावसाच्या पाण्याची गटारं नव्हतीच, आणि मैलापाणीही बऱ्याच ठिकाणी टँकरने उपसून पूर्वेला एका खळग्यात नेऊन ओतलं जाई. त्या तलावाला मिस्क, म्हणजे कस्तुरी, असं नाव होतं. पुरानंतर कित्येक दिवस सगळं शहर त्याचा बांध फुटेल या भीतीत होतं. राजे अब्दुल्ला यांनी मक्का प्रांताचे अमीर खालिद अल-फैसल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि प्रत्येक मृताच्या कुटुंबाला दहा लाख रियाल देण्याचा हुकूम काढला.

आमच्या इमारतीत त्या दिवशी नेहमीसारखं ठिपकलं. बादल्या लावल्या, मेन स्विच बंद केला. रात्री कुवैझाच्या बातम्या आल्या आणि मग त्या बादल्यांकडे बघवेना. पावसाच्या आमच्या सगळ्या आठवणी थेंबाच्या होत्या. ज्यांच्या दारात लोंढा आला त्यांच्याकडे आठवणी सांगायला माणसंच राहिली नव्हती. जुन्या जेद्दाच्या गळतीबद्दल आम्ही गहिवरून बोलायला लागलो की हे आधी बोललं पाहिजे: ज्या शहराने आम्हाला गच्चीवर एकत्र आणलं त्याच शहराने आपली गटारं बांधली नव्हती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. शहर करत नव्हतं म्हणून आम्ही करत होतो.

पुढे २६ जानेवारी २०११ ला तीन तासांत १११ मिलिमीटर पडला आणि उम्म अल-खैर वस्तीच्या वरचा बंधारा फुटला. त्यानंतर काम तेलकंपनी अरामकोच्या देखरेखीखाली दिलं गेलं. वाद्यांवर धरणं झाली, समुद्रापर्यंत कालवे खणले गेले, मिस्क तलाव आटवला गेला. २४ नोव्हेंबर २०२२ ला सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात दक्षिण जेद्दात १७९ मिलिमीटर पाऊस झाला. २००९ च्या जवळजवळ दुप्पट. रस्ते बुडाले, गाड्या वाहिल्या, विमानं खोळंबली. दोन माणसं गेली. दोन जीव म्हणजे थोडे नव्हेत. पण १२० आणि दोन यांच्यामधली जी सगळी माणसं आज घरी जेवतायत त्यांच्यापुढे आमच्या शुक्रवाराची किंमत काय सांगावी? ज्या इशाऱ्याने मोबाइल किंचाळतो म्हणून आम्ही तक्रार करतो, तो इशारा कुवैझाला मिळाला असता तर.

तरीही हळहळ जात नाही, कारण नवं जे आलं ते जुन्याची जागा घ्यायला आलं नाही, जुनं आधी हलवून मग आलं. ऑक्टोबर २०२१ पासून जेद्दातल्या अनियोजित वस्त्या पाडायला सुरुवात झाली. गुलैल, पेट्रोमिन, आणि पुढे साठाच्या वर वस्त्या यादीत आल्या. अरुंद गल्ल्या, गळक्या खोल्या, लोणा लागलेल्या भिंती. परदेशातून आलेल्या गरीब माणसाला परवडणारी जेद्दातली बहुतेक घरं तिथेच होती. त्यांची गळती आता कायमची थांबली आहे. त्याआधी, २०१७ च्या जुलैपासून, परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी मासिक कर सुरू झाला, शंभर रियालपासून चढत चारशेपर्यंत. अनेकांनी बायकामुलं गावी पाठवली. आमच्या ओळखीच्या घरांत नंतर एकेकटे पुरुष राहिले, आणि एकट्या पुरुषाच्या खोलीत मोकेट नसतं, खिडकीची खाच दातघासणीने साफ करणारं कुणी नसतं. ज्यांना नवं कोरडं घर मिळालं ती माणसं वेगळी, आणि ज्यांनी गळक्या घरांची राखण केली ती वेगळी. आम्हाला त्या ओलीबद्दल वाईट वाटत नाही. आम्हाला वाटतं की तीच माणसं, त्याच जिन्यात, एकदा तरी कोरड्या छताखाली नोव्हेंबर काढायला हवी होती.

नव्या इमारतींचे धोके मात्र नव्या लोकांना शिकावेच लागणार आहेत. गाड्या आता तळघरात उभ्या असतात, आणि वरच्या सगळ्या पाण्याला तळघर हेच सर्वांत जवळचं घर. उतरणीच्या तोंडाशी आडवं गटार आहे का, त्याची जाळी साफ आहे का, उपसा पंप वीज गेल्यावर चालतो का, हे हमीपत्रावर लिहिलेलं नसतं. डांबरी थर कितीही चांगला असो, सोलरच्या किंवा एसीच्या माणसाने त्यात एक स्क्रू मारला की दहा वर्षांची हमी तिथे संपते. कोपऱ्यातलं भोक आजही कोपऱ्यातलं भोकच आहे, आणि वाळू आजही उडते.

आता आम्ही बहुतेक जण परत आलो आहोत. कोणी दापोलीत, कोणी मुंब्र्यात, कोणी पुण्यात. मुलं रियाधमध्ये, जेद्दात आहेत. ऑक्टोबर संपता संपता आमचा फोन जातो आणि तब्येतीआधी आम्ही झाकणाचं विचारतो. मुलगा म्हणतो, 'अब्बा, ते बिल्डिंगवाले बघतात.' गेल्या खेपेला सून मध्येच बोलली. ती बीडची, माळवदाखाली वाढलेली. म्हणाली, बिल्डिंगवाल्यांकडून गच्चीची किल्ली मागून घेतली आहे, त्यांना तीन वेळा सही करून द्यावी लागली, आणि येत्या शुक्रवारी ती वर जाणार आहे. तिसऱ्या मजल्यावरची केरळची एक बाई बरोबर येते म्हणाली. आम्ही तिला वाकड्या सळीचं सांगितलं, आणि खाली कुणालातरी उभं करायला.